वेष्टन बदलताना

खोबरेल तेल, टूथपेस्ट, कपड्यांची पावडर, चहा, मीठ, बिस्किटे या वस्तू घरात रोज लागतात आणि त्यांची वेष्टने कधी ना कधी बदलतात. डोळ्यांना दिसतो तो रंगाचा, अक्षराचा, झाकणाचा बदल. त्यामागचे कारण बहुतेक वेळा वेगळेच असते. पत्रा महागतो, नवे यंत्र येते, कायदा एक ओळ वाढवतो, कराचा दर बदलतो, गोदामात उंदीर होतात. अशा एखाद्या कारणाने वेष्टन बदलायला घेतले जाते आणि मग त्याच खर्चात चित्रही नवे करून घेतात. पॅकेजिंगच्या कामात वर्षे काढलेली माणसे नवा पुडा हातात आला की आधी तो उलटा करून सील पाहतात, ते याच सवयीने.

साधारण १९७० पर्यंत महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत किराणा सुटाच येई. तेलासाठी घरून किटली किंवा बरणी न्यायची, धान्यासाठी कापडी पिशवी. साखर, चहा, हळद, जिरे वाणी रद्दी कागदाच्या पुडीत बांधून देई. वर टांगलेल्या रिळाचा दोरा खाली लोंबत असे. एका हाताने पुडा धरून दुसऱ्या हाताने दोऱ्याचे वेढे घालायचे आणि हिसका देऊन तोडायचा, हे सगळे गिऱ्हाइकाशी बोलता बोलता होई. घरी पुडा सोडल्यावर दोरा गुंडाळून ठेवत आणि कागदाचीही घडी घालत. कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या वस्तू मोजक्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच पत्र्याच्या डब्यांत येत. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालडाचा पिवळा डबा रिकामा झाला की त्यात पीठ, डाळ जाई, नाहीतर तुळस लागे. डब्याचे हे दुसरे आयुष्य गृहिणी खरेदीच्या वेळीच हिशेबात धरत असे. पुढे वेष्टन हलके आणि स्वस्त होत गेले तसा हा हिशेब संपला. त्या बदलात काय गेले, हे कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसणार नाही.

सुट्या मालाचे दोषही खरे होते. भेसळ होई, मापात खोट असे, आणि छापील कागदाची शाई खाण्याला लागे. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधून देण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई केली, पण ती सवय त्यानंतरही लगेच सुटली नाही. बंद पुड्याने वजनाची आणि शुद्धतेची हमी दिली आणि लोकांनी पुडा स्वीकारला तो या हमीसाठी. सामग्री कोणती, हे मग किमतीने आणि हवेने ठरवले. १९५९ मध्ये भारतात आलेला सर्फ पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळे. अहमदाबादेत १९६९ मध्ये सुरू झालेली निरमा साध्या पॉलिथिनच्या पिशवीतून घरोघरी गेली. खोका अधिक देखणा खरा, पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसात पुठ्ठा ओल धरतो आणि पावडरीचे गठ्ठे होतात. पिशवी स्वस्तही पडली आणि ओलीलाही टिकली.

खोबरेल तेलाच्या डब्याची हकिगत जरा तपशिलात पाहण्यासारखी आहे, कारण वेष्टन बदलण्याच्या कामात काय काय आडवे येते ते तिच्यात सगळे सापडते. पॅराशूट हे खोबरेल तेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात येई. १९८० च्या दशकात, मॅरिको ही कंपनी वेगळी होण्याआधी बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजच्या काळात, हर्ष मारीवाला यांनी ते प्लॅस्टिकच्या बाटलीत आणायचे ठरवले. प्लॅस्टिक पत्र्यापेक्षा स्वस्त होते, फळीवर अधिक उठून दिसले असते आणि गंजलेही नसते. दुकानदारांनी मात्र नकार दिला. पूर्वी कोणीतरी चौकोनी प्लॅस्टिकच्या बाटल्यांत खोबरेल आणले होते, त्या बाटल्या उंदरांनी कुरतडल्या आणि तेल सांडून शेजारचा मालही खराब झाला, हे त्यांच्या पक्के लक्षात होते.

उत्तर सापडले ते बाटलीच्या आकारात. चौकोनी बाटलीच्या कडेवर उंदराला दात रोवता येतात, गोल बाटलीवर त्याला पकड मिळत नाही. म्हणून बाटली गोल केली आणि तोंडाशी तेल ओघळून वास सुटू नये अशी तिची रचना केली. मग उंदीर असलेल्या पिंजऱ्यात बाटल्या ठेवून पाहिल्या आणि त्या शाबूत राहिल्याचे दुकानदारांना दाखवले. ही हकिगत मारीवाला यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. डब्याकडून बाटलीकडे जायला तरीही बरीच वर्षे लागली. उंदराचा प्रश्न सुटल्यावर थंडीचा राहिलाच. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठू लागते. नाशिक, नागपूरकडच्या घरांत डिसेंबरात बाटली उन्हात किंवा गरम पाण्यात ठेवावी लागते, आणि अरुंद तोंडाच्या बाटलीतून गोठलेले तेल निघत नाही. डब्यातले तेल निदान चमच्याने तरी खरवडता येई. म्हणून पुढे रुंद तोंडाची बरणी आली. गुळगुळीत निळ्या बाटलीत कारखाना, गोदाम, दुकान आणि न्हाणीघर या चारही ठिकाणचे अनुभव जमा झाले आहेत. आकाराला सुंदर म्हणायचे तर या अर्थाने म्हणावे.

टूथपेस्टच्या ट्यूबचा बदल याच्या उलट, फारसा गाजावाजा न होता झाला. चित्रकारांच्या रंगासाठी अमेरिकी चित्रकार जॉन गॉफ रँड यांनी १८४१ मध्ये दाबून रिकामी करायची धातूची नळी काढली, आणि त्या शतकाच्या शेवटी दातांची पेस्ट तिच्यात भरली जाऊ लागली. भारतात १९८० च्या दशकापर्यंत ही नळी ॲल्युमिनियमची होती. ती शेपटाकडून गुंडाळत आणली की गुंडाळलेलीच राही, त्यामुळे पेस्ट शेवटपर्यंत निघे. पण वारंवार दुमडलेल्या ठिकाणी तिला चीर पडे आणि पेस्ट तिथूनच बाहेर येई. प्लॅस्टिकचे थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा अति पातळ पापुद्रा अशी लॅमिनेटेड ट्यूब आली तेव्हा हा त्रास संपला. ठाणे जिल्ह्यातल्या वासिंद इथे एस्सेल पॅकेजिंगने अशा ट्यूब बनवायला सुरुवात केली आणि काही वर्षांत धातूची ट्यूब न्हाणीघरातून जवळजवळ गेली.

नव्या ट्यूबने एक नवी सवय मात्र आणली. ती दाबून सोडली की पुन्हा फुगते, हवा आत ओढते आणि पेस्ट भिंतींना चिकटून राहते. मराठी घरांत ट्यूब शेवटी कात्रीने मधोमध कापून ब्रशने पुसून घेतात ती त्यामुळे. झाकणाचेही तसेच. आट्याचे छोटे टोपण बेसिनमध्ये पडे, मोरीत जाई. ट्यूब डोक्यावर उभी करता येईल असे रुंद, बिजागरीचे झाकण आले तेव्हा टोपण हरवणे थांबले आणि पेस्ट आपोआप तोंडाशी उतरू लागली. घरात वस्तू कशी वापरली जाते ते पाहून केलेला हा बदल आहे, आणि असे बदल लोक चटकन आपलेसे करतात.

शाम्पूच्या पुडीने त्याहून मोठी उलथापालथ केली. तमिळनाडूतल्या कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत आणला आणि त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शाम्पू काढून ही पुडी खेडोपाडी नेली. रिकाम्या पाच पुड्या आणून द्या आणि एक भरलेली घेऊन जा, अशी योजना त्यांनी चालवली होती. ज्यांना बाटली कधी परवडली नसती त्यांच्या न्हाणीघरात शाम्पू गेला तो या पुडीमुळे. दुकानालाही ती सोयीची. पुड्यांची लडी दारातल्या तारेवर टांगली की फळी अडत नाही आणि गिऱ्हाईक मागेल तेवढ्या पुड्या फाडून देता येतात. पुडीच्या कडेला एक बारीक खाच असते, तिथून ती फाडायची. ही खाच जरा चुकली, सीलच्या आत गेली किंवा फारच उथळ पडली, की ओल्या हाताने पुडी फाटत नाही आणि माणूस दाताने फाडतो. खाचेची जागा ठरवताना ओले हात आणि डोळ्यांवर आलेला फेस गृहीत धरायचा असतो, आणि कचेरीतल्या कोरड्या टेबलावर नमुना फाडून पाहणाऱ्याला ते सुचत नाही. म्हणून जुनी माणसे नव्या नमुन्याची पुडी आधी बादलीत बुचकळतात आणि मग फाडून पाहतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे. बिस्किटे, चहा, मसाला, पावडर यांचे पुडे ज्या फिल्मचे बनतात ती बहुधा ग्रॅव्हियर पद्धतीने छापतात. त्यात प्रत्येक रंगासाठी एक कोरलेला सिलिंडर लागतो. सात रंगांचे चित्र म्हणजे सात सिलिंडर. छपाई बाहेरच्या फिल्मच्या आतल्या अंगाला, आरशातल्यासारखी उलटी करतात आणि मग तिच्यामागे दुसरी फिल्म चिकटवतात, म्हणजे शाई घासली जात नाही. एक अक्षर बदलायचे तरी ते ज्या रंगात असेल तो सिलिंडर नव्याने कोरावा लागतो. म्हणून पत्ता, घटकांची यादी, परवाना क्रमांक असा बदलण्याजोगा मजकूर जाणते लोक एकाच रंगात, शक्यतो काळ्यात ठेवतात. नियम बदलला तर एका सिलिंडरवर भागते. हौसेने घटकांची यादी दोन रंगांच्या मिश्रणात मांडली तर पुढच्या दुरुस्तीला दुप्पट खर्च येतो, आणि बारीक अक्षरांत दोन रंग किंचित सरकले तरी वाचता येत नाही. किंमत, बॅच आणि तारीख फिल्मवर मुळी छापतच नाहीत. तेवढी जागा कोरी सोडतात आणि पॅकिंगच्या यंत्रावर शाईच्या फवाऱ्याने ते आकडे उमटवतात. पुड्यावरची तारीख ठिपक्याठिपक्यांची दिसते ती यामुळे. ही कोरी जागा चित्र काढताना शेवटी आठवली की ती पडते सीलवर किंवा घडीत. तिथे छापलेली तारीख भिंगाखालीही धड वाचता येत नाही. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची ही तक्रार रास्त आहे.

फिल्मच्या कडेला एक छोटी गडद आयताकृती खूण असते, तिला आय मार्क म्हणतात. यंत्रावरचा प्रकाशडोळा ती खूण पाहतो आणि पुडा कुठे कापायचा ते त्यावरून ठरते. नव्या चित्रात खुणेच्या ओळीत एखादी गडद नक्षी आली तर डोळा नक्षीलाच खूण समजतो आणि पुडे अक्षरांच्या मधोमध कापले जाऊ लागतात. कोणत्याही लाइनवर नव्या रोलची पहिली पाळी अशी असते: फोरमन यंत्राशेजारी उभा, ऑपरेटर रोल चढवतो, पुडा दाबून सील करणाऱ्या तापत्या जबड्यांचे, म्हणजे जॉचे, तापमान लावतो, पहिले काही पुडे रिकामेच काढतो. मग माल सोडतात. पावडर असेल तर तिची धूळ सीलच्या जागी बसते का ते पाहतात, कारण सीलमध्ये धूळ अडकली की पुडा बाहेरून घट्ट दिसतो आणि आतून गळतो. थोड्या थोड्या वेळाने एक पुडा उचलून पाण्याच्या बादलीत दाबून धरायचा. बुडबुडे आले की यंत्र थांबवायचे. चित्रकाराने महिनाभर घासून बसवलेला रंग या वेळी कोणी पाहत नाही. सगळ्यांची नजर त्या बादलीवर असते.

रंगाची परीक्षा त्याआधी छापखान्यात होते. एका रंगाच्या तीन छटा मंजूर करून सही केलेले पत्रक तयार करतात: मधली हवी ती, एक तिच्याहून फिकी, एक गडद. छपाई या दोघींच्या मध्ये कुठेही पडली तरी चालते. हे पत्रक उजेडात ठेवले तर स्वतःच फिके होते, म्हणून ते बंद पाकिटात ठेवतात. रंग उडण्याचा प्रश्न दुकानात पुन्हा येतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाच्या दारात महिनोनमहिने टांगलेल्या लडीवरचा लाल आणि पिवळा उन्हाने आधी उडतो आणि निळा, काळा मागे उरतो. लाल पुडीची निळसर पुडी झाली की गिऱ्हाईक तिला जुना माल समजून बाजूला सारते. वेष्टनाचे काम शिकणाऱ्याने हे पाहायला दुपारी चार वाजता बाजारपेठेत फिरावे. मुंबईत अंधेरीला १९६६ पासून असलेली भारतीय पॅकेजिंग संस्था पेट्या दाबून, आपटून, हादरवून त्यांची ताकद मोजते आणि ते शास्त्र शिकवते. तरी नाक्यावरच्या दुकानातली एक दुपार या अभ्यासाला जोडायलाच हवी.

वाहतुकीतही असेच. कागदावर पाच पदरी खोक्याची ताकद पुरेशी असते. पण जुलैत ताडपत्रीखालून ओल धरत गेलेला खोका कोरड्या दिवसांतले वजन पेलत नाही, आणि थप्पीतला सगळ्यात खालचा आधी बसतो. टेम्पोतून खोके उतरवणाऱ्या हमालाला खोक्याला हात घालायला खाच नसेल तर तो कडेला धरून ओढतो आणि कड फाटते. ही खाच ठेवायची म्हणजे खोक्याची भिंत थोडी कमजोर होणार. ती ठेवावीच. चार-चारशे खोके उचलणाऱ्या माणसाचे बोट खोक्याच्या भिंतीपेक्षा मोलाचे आहे.

वेष्टनावर काय छापायचे यातला मोठा भाग कायद्याने ठरतो. आवेष्टित वस्तूंचे नियम १९७७ मध्ये आले. निव्वळ वजन, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि किंमत त्यामुळे पुड्यावर आली. तेव्हा किमतीपुढे 'स्थानिक कर वेगळे' असे छापता येई आणि दुकानदार वर किती घेईल याचा नेम नसे. १९९० मध्ये सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापणे आवश्यक झाले. गिऱ्हाइकाच्या हिताचा याहून मोठा बदल पुड्यावर क्वचितच झाला असेल. २००१ पासून शाकाहारासाठी हिरवा ठिपका आला. मांसाहाराचा तपकिरी ठिपका अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी तपकिरी त्रिकोण केला. ज्यांना हिरवा आणि तपकिरी यांतला फरक दिसत नाही त्यांना आता आकारावरून कळते. चार मिलिमीटरच्या खुणेत केलेला हा बदल अतिशय विचारी आहे. भाषेच्या बाबतीत नियम देवनागरी हिंदी किंवा इंग्रजीवर थांबतो, बाकी भाषा ऐच्छिक. त्यामुळे महाराष्ट्रात बनून महाराष्ट्रातच विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांवर घटक आणि सूचना मराठीत नसतात. फिनेल, ॲसिड, डासांचे औषध अशा वस्तूंवर तरी वापराची सूचना मराठीत असायलाच हवी.

कर बदलला की वेष्टनावर स्टिकरांची पाळी येते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आणि २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केशतेल यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हाही, जुन्या मालावर सुधारित किंमत शिक्क्याने किंवा स्टिकरने लावायची मुभा सरकारने दिली. गोदामात माणसे बसवून पेट्या फोडायच्या, एकेक नग बाहेर काढायचा, जुनी किंमत झाकली जाणार नाही असे स्टिकर लावायचे आणि पेटी पुन्हा बंद करायची, असे ते काम चालते. छापील फिल्मच्या रोलवर किंमत कोरी ठेवण्याची जुनी रीत किती शहाणपणाची आहे, ते अशा वेळी कळते.

वजनाचा प्रश्न सगळ्यात नाजूक. पाच आणि दहा रुपयांचे पुडे नाण्याशी बांधलेले असतात. कच्चा माल महागला की पाचचे सहा करणे अवघड, म्हणून पुड्यातले ग्रॅम कमी होतात. फिल्मची रुंदी तीच ठेवतात, बिस्किटे एक-दोनने कमी करतात किंवा बिस्किटाचा व्यास जरासा आवळतात. बाटलीचा तळ आत वळवला की उंची आणि घेर तोच राहून माल कमी मावतो. काडेपेटीचे उदाहरण वेगळे आहे. २००७ पासून एक रुपयाला मिळणारी काडेपेटी डिसेंबर २०२१ मध्ये दोन रुपयांची झाली, पण तेव्हा उत्पादकांनी काड्या ३६ वरून ५० करण्याचे जाहीर केले. किंमत वाढली हे सगळ्यांना कळले आणि बदल्यात काय मिळाले तेही कळले. ग्रॅम कमी होतात तेव्हा असे काही सांगितले जात नाही. वजन कायद्याने छापलेले असते, पण माणूस ते दर महिन्याला मागच्या पुड्याशी ताडून पाहत नाही. वजन घटवल्यावर पहिले काही महिने ते पुड्याच्या पुढच्या बाजूला ठळक छापावे, अशी अपेक्षा अवास्तव नाही. चांगल्या बदलाला 'नवे' असा पट्टा लावता येतो, तर या बदलालाही लावता यावा.

खाद्यतेलाच्या पिशवीत हा घोळ अधिक वाढला. तेल तापले की पसरते. सोयाबीनचे एक लीटर तेल २१ अंशांना साधारण ९१९ ग्रॅम भरते आणि ६० अंशांना साधारण ८९३ ग्रॅम. काही पिशव्यांवर एक लीटरपुढे बारीक अक्षरांत ६० अंशांचा उल्लेख असे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या तापमानाला तेल लीटरभर भरत नसे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये तापमानाचा उल्लेख काढायला सांगितले. त्याच सुमारास बिस्किटे, चहा, तेल, मीठ अशा वस्तूंच्या पुड्यांची ठरावीक वजने सांगणारे परिशिष्ट नियमांतून गेले आणि त्याऐवजी दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापणे आले. मग ९१० ग्रॅमच्या पिशवीशेजारी तेवढ्याच उंचीची ८५० किंवा ८१० ग्रॅमची पिशवी उभी राहू लागली. दोन्हींना दुकानात 'लीटरची पिशवी' असेच म्हणतात. दर ग्रॅमची किंमत तुलनेला उत्तम, पण ती बारीक अक्षरांत असते आणि किराण्याच्या गर्दीत चष्मा काढून ती वाचणारे थोडे. ठरावीक वजनांचा जुना नियम या गर्दीत अधिक कामाचा होता.

कारण माणसे वेष्टन वाचत नाहीत, ओळखतात. महिन्याच्या यादीत ब्रँडचे नाव असेलच असे नाही. 'पिवळा साबण', 'हिरवी पावडर' एवढ्यावर व्यवहार होतो. दुकानात होणारे बोलणे असे:

"शेठ, ही नको, लाल झाकणाची द्या."

"मावशी, तीच आहे. कंपनीने झाकण बदललंय."

"मग राहू द्या, पुढच्या वेळी बघू."

मालात काडीचा फरक नसतो, पण मावशींचा विश्वास झाकणावर होता आणि त्यांच्या दृष्टीने त्यात काही चुकीचे नाही. नकली मालाने भरलेल्या बाजारात रंग आणि झाकण हीच अडाण्याची आणि घाईतल्याची खात्री असते. रंग अचानक बदलला की नकली माल ओळखायची खूणही गेली. अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाने जानेवारी २००९ मध्ये खोक्यावरचे संत्रे आणि त्यात खोवलेली नळी काढून तिथे रसाचा पेला छापला. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्के घसरली आणि जुने खोके परत आणावे लागले. शहाणी रीत अशी की एका वेळी एकच ठळक गोष्ट बदलावी: आधी अक्षर, रंग तोच ठेवून. मग चित्र, अक्षर तेच ठेवून. काही महिने दोन्ही पुडे फळीवर शेजारी शेजारी राहतात, तेव्हा ते एकाच घरचे दिसले पाहिजेत.

दुधाच्या पिशवीपर्यंत आले की वेष्टन रिकामे झाल्यावरचा भाग सुरू होतो. मुंबईत आरेचे दूध काचेच्या बाटलीत, ॲल्युमिनियमच्या टोपणासह केंद्रावर मिळे, आणि रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. बाटली धुणे, वाहून आणणे, फुटणे हा सगळा भार केंद्राने आणि घराने वाहिला. पॉलिथिनच्या पिशवीने तो उतरवला. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला ५० मायक्रॉनच्या जाडीची अट घातली आणि रिकामी पिशवी ५० पैशांना परत घ्यायची तरतूद केली. ५० पैशांसाठी पिशवी धुऊन, वाळवून परत नेणारी घरे फार निघाली नाहीत. बाटलीच्या काळी परतीची साखळी रोजच्या दुधाशीच बांधलेली होती, पिशवीच्या वेळी ती वेगळी उभी करावी लागणार होती. तरी भंगारवाल्याकडे दुधाच्या पिशवीला भाव आहे, कारण ती एकाच जातीच्या प्लॅस्टिकची आहे. कोपरा पूर्ण न कापता लोंबता ठेवला तर तो तुकडाही तिच्याबरोबर जातो. सुटा तुकडा मात्र गटारात जातो.

शाम्पूच्या पुडीचे आणि चिप्सच्या पुड्याचे तसे नाही. त्यांत पॉलिएस्टर, पॉलिथिन, ॲल्युमिनियमचा मुलामा असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते वेगळे करणे परवडत नाही. कचरा वेचणाऱ्या बाया त्या उचलत नाहीत, कारण त्यांना त्याचे काही मिळत नाही. म्हणून आता एकाच कुळीच्या प्लॅस्टिकचे थर वापरून तेच काम करून घेण्याचा प्रयत्न चालू आहे. अडचण लाइनवर येते. बाहेरचा पॉलिएस्टरचा थर जॉची उष्णता सोसतो आणि आतला पॉलिथिनचा थर वितळून सील होते, या फरकावर आजवरची सगळी यंत्रे चालली. बाहेरही पॉलिथिन आले की ते जॉला चिकटते. तापमान कमी केले तर सील कच्चे राहते, जास्त केले तर पुडा आक्रसतो, आणि चालणाऱ्या तापमानाचा पट्टा अगदी अरुंद उरतो. यंत्राचा वेग कमी करावा लागतो आणि पाळीतले पुडे घटतात. टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये हा बदल आधी जमला. ॲल्युमिनियमचा पापुद्रा काढून सगळ्या थरांत पॉलिथिन वापरलेल्या ट्यूब बाजारात आल्या आहेत आणि झाकणही त्याच कुळीचे करण्याकडे कल आहे, म्हणजे ते वेगळे न काढता ट्यूब भंगारात देता येते. पावडर आणि मसाल्याच्या पुड्यांत कमी वेगाने का होईना हे जमू लागले आहे. चिप्स-बिस्किटांसारख्या, हवा आणि ओल अजिबात न चालणाऱ्या मालासाठी रोल चढवून, तापमान एकेक अंशाने फिरवून चाचण्या चालू आहेत.